संसाराचा हिशेब : पोरीची पेटी शिबिराला न्यायची कशी?



मार्च संपत आला की आपल्या घराघरांत एक प्रश्न उभा राहतो. जयंतीच्या कार्यक्रमात पोरगा ढोलकी चांगली वाजवतो, पोरगी पेटीवर बोटे बरी फिरवते. चार माणसे पाठ थोपटतात. कोणी गुरुजी सांगतात, "उन्हाळ्यात नागपूरला संगीताचे शिबिर आहे, पाठवा हिला." आईबाप हो म्हणतात. शिबिराचे पत्र येते आणि त्यात शेवटी एक ओळ असते : 'आपले वाद्य सोबत आणावे.' तिथे गाडी अडते.

मागच्या साली माझ्या बहिणीच्या घरी हेच झाले. बहीण चामोर्शी तालुक्यात राहते. भाची तेरा वर्षांची, सातवी पास. विहारातल्या भजन मंडळाची जुनी पेटी तीच वाजवते. लाकडी खोक्यासकट त्या पेटीचे वजन एवढे, की भाचीला एकटीला उचलत नाही. शिबिर दहा दिवसांचे, तेही मे महिन्यात. मे महिना म्हणजे आपल्याकडे तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे जंगलात जायचे, पाने तोडून आणायची, दुपारी 70 पानांचा एकेक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचा. थोड्या दिवसांचे हे काम, पण पावसाळ्याआधीचे बियाणे, पोरांची पुस्तके, दुकानाची उधारी सारे त्यावरच भागते.

बहीण म्हणाली, "भाऊ, हंगाम सोडून मी कशी जाऊ? तुमचे जावईच जातील पोरीसोबत."

मी म्हणालो, "थांब बाई. आधी कागदावर हिशेब मांडू."

मी कारकून माणूस. मला हिशेबाशिवाय काही सुचत नाही. तोच हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो.

शिबिराला मूल पोचवायचे म्हणजे मोठ्या माणसाच्या चार फेऱ्या होतात. पोचवायला जाणे, परत येणे, आणायला जाणे, परत येणे. मुलाच्या दोन फेऱ्या. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. तेव्हा बाप गेला तर त्याची चार पूर्ण तिकिटे आणि मुलीची दोन अर्धी, म्हणजे पाच तिकिटांचे पैसे. आई गेली तर तिची चार अर्धी आणि मुलीची दोन अर्धी, म्हणजे तीनच तिकिटांचे पैसे. शेजारची आणखी एक मुलगी सोबत घेतली, तर आईच्या चार आणि मुलींच्या चार अशा आठ अर्ध्या तिकिटांची चार पूर्ण होतात. प्रत्येक घराला दोनच. पाचावरून दोनावर आलो, तेही कोणापुढे हात न पसरता. मुलगा बारा वर्षांवरचा असेल तर त्याचे तिकीट पूर्ण लागेल, पण तेव्हाही बापापेक्षा आईने जाणेच स्वस्त.

आता राहिला रोजीचा प्रश्न. आईचे तेंदूचे दिवस बुडतात ते वेगळेच. तो खर्च तिकिटावर छापलेला नसतो, म्हणून पुष्कळ घरांत तो धरतच नाहीत. आम्ही धरला. मंडळाच्या बायांना सांगितले. चौघीजणींनी मिळून ठरवले, की पोचवायचे दोन दिवस आणि आणायचे दोन दिवस बहिणीच्या वाट्याचे पुडे त्या बांधतील. पुढे त्यांच्या घरी अडचण आली की बहिणीने फेडायचे. पैशाची मदत करायची कोणाचीच ऐपत नव्हती, हातांची मदत करता आली.

रस्त्याचेही नीट ठरवावे. गडचिरोली शहरात अजून रेल्वे पोचलेली नाही. जिल्ह्यात रेल्वे म्हणजे वडसा देसाईगंज. त्यामुळे आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीडकडच्यांना उमरेडवरून नागपूरला जाणारी एसटी सोयीची. अहेरी, आलापल्लीकडच्यांनी आष्टी, गोंडपिपरीवरून बल्लारशाला यावे आणि तिथून वरोरा, हिंगणघाट, सेवाग्रामवरून नागपूरला जाणारी रेल्वे धरावी. आम्ही मूलवरून चंद्रपूरला येऊन रेल्वेनेच गेलो. रेल्वेत महिलांना एसटीसारखे अर्धे तिकीट नाही. म्हणून दोन्ही भाडी विचारून मगच ठरवावे.

वाद्यासाठी मात्र रेल्वेचे नियम माहीत पाहिजेत. दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर माणशी 35 किलो सामान फुकट नेता येते, स्लीपरला 40 किलो. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला त्याच्या निम्मे. म्हणजे मायलेकींना मिळून 70 किलोची मुभा. पेटी, कपडे, शिदोरी सारे त्यात बसते. पण वजनासोबत मापही आहे. डब्यात न्यायच्या पेटाऱ्याचे माप 100 सेंटिमीटर लांब, 60 रुंद आणि 25 उंच, याहून मोठे नको. मोठे असेल तर ते ब्रेकव्हॅनमध्ये बुक करावे लागते. तंबोरा चार फुटांच्या वर असतो, तो या मापात बसत नाही. पेटीचे खोकेही उंचीला जास्त भरू शकते. म्हणून घरीच टेप लावून मोजा, आणि जास्त भरले तर स्टेशनावर लगेज ऑफिसात आधी विचारा. बुकिंग करायचे तर गाडी सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी. फुकटच्या वजनावरचे सामान बुक केले तर नेहमीच्या दराच्या दीडपट आकार पडतो. न बुक करता सापडले तर सहापट. एसटीत कंडक्टरला वाद्य आधी दाखवा आणि सामानाचे तिकीट लागत असेल तर मागून घ्या.

नाट्य-संगीत मंडळ्यांना पूर्वी रेल्वेत सवलत मिळायची. 20 मार्च 2020 ला बहुतेक सवलती थांबल्या. जुन्या माणसांच्या सांगण्यावर विसंबून ऐनवेळी खिडकीवर जाऊ नका.

आता माझी चूक सांगतो. हिशेब मी चोख केला, पण पेटीची काळजी घेतली नाही. भात्याची कडी लावली नाही. चंद्रपूरच्या आवारात दुपारभर खोके उन्हात राहिले, आणि आपल्याकडचे मे महिन्यातले ऊन तुम्हाला मी काय सांगावे! शिबिराच्या पहिल्या सकाळी भाचीने भाता दाबला तर सुराऐवजी नुसता फुस्स आवाज. चामड्याचा सांधा उकलला होता. सगळी मुले वाजवत होती आणि ही मांडीवर हात ठेवून बसली होती. ती माझ्याकडे बघून एवढेच म्हणाली, "मामाजी, मंडळाची पेटी आहे ना. आता बाया काय म्हणतील?" तिला स्वतःच्या दहा दिवसांपेक्षा मंडळाच्या पेटीची काळजी. मला तेव्हा मान वर करता आली नाही.

गुरुजींनी शिबिरातली जास्तीची पेटी तिला दिली आणि दिवस वाया गेले नाहीत. आमची पेटी नागपुरात दुरुस्त केली, पैसे मी भरले. पण पत्र आले त्याच दिवशी 'तिथे पेटी मिळेल का?' एवढे विचारले असते, तर खोके उचलून न्यायचीच गरज नव्हती. हा सर्वांत स्वस्त उपाय आणि तोच मी विसरलो. पेटी, तंबोरा यांसारखी मोठी वाद्ये आधी मागून पाहा. कुठल्याही नीट पेटीवर बोटे बसतात.

न्यावेच लागले तर एवढे करा. पेटीचा भाता मिटवून कडी लावा, स्वर बंद करा, खोक्यात जुनी गोधडी घाला, खोके आडवेच ठेवा. तंबोऱ्याच्या तारा सैल करा, भोपळ्याभोवती कापड गुंडाळा. तबला-ढोलकीचे चामडे उन्हाने ताणले जाते आणि फाटू शकते, म्हणून ते थोडे उतरवून ठेवा. गाडीच्या टपावर कोणतेही वाद्य टाकू नका. प्रवास पहाटेचा किंवा रात्रीचा करा.

पेटीचाच इतिहास पाहा. ती युरोपातून आली तेव्हा पायाने भाता मारायची, उभी, अवजड होती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 च्या सुमारास हाताने भाता मारायची पेटी तयार केली. मग ती जमिनीवर मांडता आली, खांद्यावरून गावोगाव नेता आली. आंबेडकरी जलसे आणि गायन पार्ट्या अशाच फिरल्या. वामनदादा कर्डक (1922-2004) यांनी आयुष्यभर खेड्यापाड्यांत जाऊन गाणे पोचवले. आपल्या वडशाची झाडीपट्टी नाटकेही दरसाल वाद्ये गाडीत घालून गावोगाव जातात. तिथे वाजवणाऱ्या कलावंतांची चूल त्यावर पेटते. तेव्हा पोरीचे वाजवणे म्हणजे फावल्या वेळचा चाळा समजू नका. दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांसाठी आणि लोककलेसाठी वाढीव गुणही मिळतात, त्याची शाळेत चौकशी करा.

भाची परत आली तेव्हा तिने पहिल्यांदा मंडळाच्या बायांना बसवून पेटी वाजवून दाखवली. ज्या चौघींनी पुडे बांधले त्या पुढे बसल्या होत्या. पानांनी काळी पडलेली त्यांची बोटे मांडीवर ताल धरत होती. यंदा शेजारचीही पोरगी तिच्यासोबत तयार झाली आहे. तिकिटाचा हिशेब बहिणीनेच मांडला आणि मला दाखवला. बरोबर होता.

तुमच्या वस्तीतही असे एखादे पोर असेल. विहाराच्या पुढच्या बैठकीत त्याचा विषय काढा. पत्र येण्याची वाट पाहू नका.

जयभीम.