रेघा वाचणारा लेखनिक

आमच्या वाचनालयांत एका विद्यार्थ्यास आम्हीं विनाकारण बोल लाविला. पुस्तक परत केलें असें तो सांगे आणि संगणकांत तें त्याच्याच नांवावर दिसे. आम्हीं यंत्रावर विश्वास ठेविला, मुलावर नाहीं. चार दिवसांनीं पुस्तक फडताळांतच सांपडलें. त्याची क्षमा मागतांना आमच्या ३५ वर्षांच्या मास्तरकीचा कांहींएक उपयोग झाला नाहीं!

मग चूक कोठें झाली याचा शोध घेतला. पुस्तकावरील चिठ्ठीच्या रेघा वाचणारें स्कॅनर हें यंत्र 'अमुक पुस्तक आलें' असें संगणकास सांगत नाहीं. तें कळा दाबण्याचें केवळ सोंग करितें. दाखल क्रमांकाचा एकेक अंक टंकितें आणि शेवटीं एंटर दाबितें. मक्षिकास्थाने मक्षिका करणारा हा लेखनिकच. त्या दुपारीं सूची लिहिण्यासाठीं कळफलक मराठीवर ठेविलेला होता, आणि आमच्या मांडणींत वरच्या ओळींतून देवनागरी अंक उमटतात. नोंदी इंग्रजी अंकांत. आपणांस पांच ते पांचच. संगणकास तीं दोन निरनिराळीं चिन्हें. 'नोंद नाहीं' अशी सूचना पडद्यावर आलीहि, परंतु पुढच्या पुस्तकामागून आलेल्या एंटरनेंच ती मिटविली. अशीं सात पुस्तकें नोंदीवांचून फडताळांत गेलीं.

कळफलक आधीं इंग्रजी करावा, हा उपाय स्मरणावर अवलंबून. आणि चष्मा कपाळावर ठेवून तो शोधणाऱ्यांनीं स्मरणाची हमी देऊं नये. पण यंत्रासोबतच्या पुस्तिकेंत आज्ञांच्याहि रेघा छापलेल्या असतात. त्या यंत्रास वाचावयास दिल्या कीं त्याची संवय बदलते! आम्हीं दोन आज्ञा दिल्या. अंक वरच्या ओळींतून न पाठवितां उजवीकडील नंबर-पॅडवरून पाठवावे, ही पहिली. तेथील अंक आमच्या संगणकावर कोणत्याहि मांडणींत इंग्रजीच राहतात, मात्र न्यूमलॉक चालू हवें. दुसरी, शेवटीं एंटरऐवजीं टॅब दाबावें. आतां ग्रंथाचें नांव पाहून सहायकास स्वतः एंटर दाबावें लागतें. वेळ अधिक जातो, जावो.

त्याच पुस्तिकेंत सर्व संवयी पुसून मूळपदावर आणणारी एक आज्ञा आहे. तें पान आम्हीं काढून कपाटांत कुलुपांत ठेविलें आहे.

विद्यार्थी पुन्हां येऊं लागला आहे. पुस्तक परत करतांना मात्र पडदा पाहिल्याशिवाय हलत नाहीं.