रोग एका जागी, उपचार दुसऱ्या जागी

मृग नक्षत्र जवळ आले की आपल्या गावांना दोन चिंता ग्रासू लागतात; एक गळक्या छपराची आणि दुसरी वाटेवर आडव्या पडणाऱ्या झाडांची. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा ठिकठिकाणी झाडे उन्मळली, विजेचे खांब मोडले आणि कित्येक गावे अंधारात बुडाली. अशा वेळी गावाचा खरा आधार असते ती पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत. आजारी माणसाला घेऊन निघालेले वाहन आडव्या पडलेल्या फणसापाशी थांबले असता करवतीचा दोर ओढून ओढून तरुणांचे हात भरून यावेत आणि यंत्राने हूं की चूं करू नये, या प्रसंगाची कल्पना ज्याची त्याने करावी.

अशाच एका गावातील करवतीची कथा आमच्या कानी आली. पिस्टन जाम झाला म्हणून तो बदलला. यंत्र सुरू झाले, सर्वांना समाधान वाटले आणि पंधरा दिवसांत नवा पिस्टनही जाम झाला. मग करवत भंगारात टाकून नवी घेण्याचा ठराव झाला. या कथेत दोष यंत्राचा नाही. निदानावाचून केलेल्या उपचाराचा आहे.

या करवतीचे इंजिन टू-स्ट्रोक जातीचे. मोटारीच्या इंजिनाप्रमाणे त्याच्या तळाशी वंगणाचा वेगळा साठा नसतो. पेट्रोलमध्ये कालवलेले तेल हेच त्याचे एकमेव वंगण. सामान्यतः पन्नासास एक, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर, हे त्याचे प्रमाण असते. तथापि उत्पादकाने जे सांगितले असेल तेच प्रमाण मानावे. मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेणाऱ्या पिस्टनला हे तेल क्षणभर जरी अपुरे पडले, तरी तो तापतो, फुगतो आणि सिलिंडरच्या भिंतीला घासून आपलेच अ‍ॅल्युमिनियम तिच्यावर लिंपतो. यालाच आपण जाम होणे म्हणतो.

असे का झाले हे शोधण्यासाठी इंजिन लगेच खोलण्याचेही कारण नाही. सायलेन्सर काढून निकासाच्या खिडकीतून पिस्टनकडे पाहावे. चौफेर उभे ओरखडे असतील, तर बहुधा कोणीतरी तेल न घालता नुसते पेट्रोल भरलेले असते. निकासाच्याच बाजूला ओरखडे असतील, तर आत हवा अधिक आणि पेट्रोल कमी जात असल्याचा संशय घ्यावा. कारण पेट्रोल घटले की त्याबरोबर येणारे तेलही घटते. हवेच्या प्रवेशाची बाजू मंद, धुरकट झिजलेली दिसली, तर फाटक्या गाळणीतून लाकडाचा भुसा आत गेला असे समजावे. ही झीज म्हणजे यंत्राने लिहून ठेवलेली जबानीच होय. ती न वाचता नवा पिस्टन बसवणे म्हणजे साक्षीदाराला न विचारताच निकाल देणे!

हवा कोठून शिरते? क्रँकचे झिजलेले रबरी सील, कार्ब्युरेटरखालचा तडकलेला रबरी जोड, कडक झालेली पेट्रोलची नळी, ही नेहमीची ठिकाणे. प्रवेश आणि निकास बंद करून इंजिनात हलका दाब भरावा. तो टिकला नाही, तर साबणाचे पाणी लावताच बुडबुडे गळतीची जागा दाखवतात. या चाचणीला फार तर तासभर लागतो. तो तास वाचवण्याच्या नादात पंधरा दिवसांपूर्वीचा पिस्टन वाया गेला.

यात अलीकडे एका कारणाची भर पडली आहे. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. त्या धोरणाची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. परंतु इथेनॉल पाणी शोषते आणि आपल्या दमट हवेत पाण्याला तोटा नाही. महिनोन्महिने डब्यात राहिलेल्या मिश्रणात पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसते, तेल वर पेट्रोलबरोबर राहते आणि इंजिन तळाचेच ओढते. म्हणून मिश्रण गरजेपुरतेच करावे आणि पावसाळा संपताच टाकी रिकामी करून ठेवावी.

कारण सापडल्यावर दुरुस्ती अवघड नाही. सिलिंडरचा कठीण मुलामा शाबूत असेल, तर त्यावर चिकटलेले अ‍ॅल्युमिनियम जपून काढता येते. मुलामाच गेला असेल, तर मात्र सिलिंडर बदलावाच लागतो. पिस्टन, रिंग आणि सील मिळाले की जाणता कारागीर यंत्राला पुनर्जन्म देतो. परंतु हे सुटे भाग मिळणार कोठे? केंद्र सरकारने २०२२ च्या जुलैत 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि शेतीची अवजारे त्या विचारात घेतली, हे स्वागतार्ह आहे. पण जो हक्क गावच्या कारागिराच्या बाकापर्यंत पोचत नाही, तो कागदावरच राहतो.

आमचे मागणे मोठे नाही. प्रत्येक पंचायतीने मृगापूर्वी आपली करवत सुरू करून पाहावी, मिश्रणाच्या डब्यावर प्रमाण व तारीख लिहावी आणि ते काम एकाच जबाबदार व्यक्तीकडे सोपवावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी या लहान इंजिनांच्या निदानाचे अल्प मुदतीचे वर्ग चालवावेत. याला खर्च थोडा, पण शिस्त बरीच लागते. आणि आपल्याकडे उणीव आहे ती शिस्तीचीच. वादळ ठरावांची वाट पाहत नसते. ते येण्यापूर्वी गावाने करवतीचा दोर एकदा तरी ओढून पाहावा!