पाटल्या आणि प्रसिद्धी

आमच्या पाटोद्याकडे माणूस विहिरीसाठी कर्ज काढतो, मुलीच्या लग्नासाठी काढतो आणि अलीकडे कवितासंग्रहासाठीही काढतो. पैकी विहिरीला निदान पाणी लागण्याची शक्यता असते.

स्वखर्चाने पुस्तक छापण्याला माझी मुळीच हरकत नाही. अमेरिकेच्या वॉल्ट व्हिटमनने १८५५ साली ‘लीव्हज ऑफ ग्रास’ पदरमोड करूनच काढले. वर स्वतःच्याच पुस्तकाची निनावी परीक्षणे लिहून स्वतःची पाठ थोपटली. लबाडी खरीच! पण गृहस्थाने कौतुक पापडासारखे घरीच लाटले, बाजारातून आणले नाही.

हल्ली ते बाजारात मिळते. पुस्तक छापून होते न होते तोच फोन येतो, ‘सर, प्रसिद्धीचे पॅकेज घ्या.’ त्यात परीक्षण, मुलाखत आणि पुरस्कार. शाल तुमच्याच पैशांची. नारळ मात्र संस्थेतर्फे.

आमचे एक स्नेही गुरुजी. ऊसतोडकऱ्यांवर कविता लिहितात आणि चांगल्या लिहितात. छपाईसाठी वहिनींच्या दोन पाटल्या आमच्या शाखेत सोनेतारण झाल्या. पॅकेजसाठी उरलेल्या दोन घेऊन दोघे आले, तेव्हा वहिनी एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, पुस्तकं पलंगाखाली, पाटल्या तुमच्या तिजोरीत. मी काय सांभाळू?”

मी बी. कॉम. असल्यामुळे कागद ओढला. प्रती पाचशे, किंमत दीडशे. एकूण एक प्रत खपली तरी पंचाहत्तर हजार. छपाई चाळीस हजार, दुकानदाराचे कमिशन पंचवीस. उरले दहा. पॅकेज पंचवीस हजारांचे! म्हणजे शेवटची प्रत विकल्यावर पंधरा हजार अंगावर, व्याज वेगळे.

“अहो, साबणाचीसुद्धा जाहिरात करतातच की,” गुरुजी म्हणाले.

करतात ना! पण जाहिरात ऐकून गिऱ्हाईक उठले तर कोपऱ्यावरच्या दुकानात साबण असतो. गुरुजींचे पुस्तक आहे पलंगाखाली. तिथवर गिऱ्हाईक पोचणार कसे?

तेव्हा खर्च करायचाच तर पुस्तक हिंडवण्यावर करा. सत्तरच्या दशकात ‘ग्रंथाली’ने तेच केले. आधी वाचक सभासद जोडले, मग गावोगाव पुस्तके नेली. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ याच चळवळीतून आले आणि महाराष्ट्रभर वाचले गेले. गुरुजींचा वाचक तर दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जातो. पन्नास प्रती पिशवीत घाला, एसटीत बसा, फडावर जा, संध्याकाळी कोपीपुढे दोन कविता म्हणा. कोणी पुस्तक घेईल, कोणी नुसता चहा पाजेल, कोणी ‘हे असं नसतं गुरुजी’ म्हणून चूक काढील. असे परीक्षण कुठल्या पॅकेजात मिळते?

तिकिटाला, टपालाला, पेटीच्या हमालीला खुशाल पैसे द्या. वाहवेला छदामही देऊ नका. सोने अडीनडीला तारण ठेवता येते. विकत घेतलेल्या सन्मानचिन्हावर आमची बँक कर्ज देत नाही. मी मॅनेजरसाहेबांना विचारून घेतले आहे.