बढती कशामुळे? जागा रिकामी झाली म्हणून!

'डायनासोर मठ्ठ होते म्हणून संपले, सस्तन प्राणी हुशार म्हणून जिंकले.' हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यावरून 'लायक तोच टिकतो' असे तात्पर्य काढायचे आणि ते दुबळ्यांना सुनवायचे! या तात्पर्याला माझा साफ विरोध आहे.

सस्तन प्राणी डायनासोरांनंतर आलेच नाहीत. १४ कोटींहून अधिक वर्षे ते त्यांच्या सोबतच राहिले, बहुतेक उंदराएवढेच. हैदराबादच्या पश्चिमेकडील नस्कल गावी त्या काळातल्या सस्तनांचे इवलेसे दात सापडले, ते प्रसाद आणि साहनी यांनी १९८८ साली जगापुढे आणले. हुशारीच होती, तर एवढा काळ कोपऱ्यात का काढला?

६.६ कोटी वर्षांपूर्वी आजच्या मेक्सिकोत सुमारे १० किलोमीटर व्यासाचा अशनी आदळला. त्यात सस्तनांच्याही बहुतेक जाती मेल्या. अमेरिकेतील कोलोराडोचे जीवाश्म सांगतात, की वाचलेले जेमतेम अर्ध्या किलोचे होते आणि ७ लाख वर्षांत ते ५० किलोंवर गेले. आणि मेंदू? २०२२ सालच्या एका संशोधनानुसार पहिली १ कोटी वर्षे तो शरीराच्या मानाने उलट लहानच झाला!

आम्हा कारकुनांच्या भाषेत सांगायचे, तर वरची जागा रिकामी झाली म्हणून ही बढती मिळाली. तिला गुणवत्ता म्हणू नये. शिवाय डायनासोर तरी कुठे संपले? दारातला कावळा त्यांचाच वंशज. पक्ष्यांच्या जाती आजही सस्तनांहून कितीतरी जास्त आहेत.

तेव्हा खुर्चीवर बसलेल्यांनी निसर्गाचा दाखला जरा जपून द्यावा!