लाल-निळ्या दिव्यांच्या डब्यावर गाणं रेकॉर्ड होत नसतं!

स्पष्टच लिहितो. काही दुकानदार मित्रांना राग येईल, येऊ द्या.

गेल्या महिन्यात आपल्या राहनाळमधल्या एका पोराने घरी गाणी रेकॉर्ड करायला कॉम्प्युटर घेतला. दिवसभर गोदामात खोके उचलतो, संध्याकाळी आगरी गाण्यांना चाली लावतो. चाल झकास सुचते त्याला. बिल ९२ हजार, बारा हप्ते. कौतुकाने बिल दाखवलं. जवळपास निम्मे पैसे ग्राफिक कार्डाचे! अरे, ते कार्ड गेम खेळायला, व्हिडिओ बनवायला. आवाजाचं काम करतात प्रोसेसर आणि रॅम. पण विकणाऱ्याने 'स्टुडिओ पीसी' म्हणून गळ्यात मारला. काचेचा डबा, आत सहा पंखे, लाल-निळे दिवे.

पहिल्याच रविवारी पोराने आजीला माइकसमोर बसवलं. आजी धवलारीण. अशा किती उरल्यात आपल्याकडे, तुम्हीच मोजा. रेकॉर्डिंग लावलं तर पंख्यांची घूंघूं, आणि त्याखाली विजेची ५० हर्ट्झची गुणगुण, कारण घरात धड अर्थिंगच नाही. आजी हसली, "बाला, यो त तुजा डबाच गातंय!"

मला नाही हसू आलं.

घ्यायचं काय ते सांगतो. आत्ताच्या पिढीतला मधला प्रोसेसर, स्क्रीन चालवण्यापुरतं ग्राफिक ज्याच्या आतच असतं असा. १६ जीबी रॅम. एसएसडी. सावकाश फिरणारा मोठा पंखा. बस्स. "फाइली जड असतात दादा" म्हणून कोणी घाबरवलं तर हिशोब करा : २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एका माइकचं एक मिनिट नऊ एमबीतही मावतं. आठ ट्रॅकचं दहा मिनिटांचं गाणं ७०० एमबी. उरलेले पैसे ऑडिओ इंटरफेस, माइक, यूपीएसला घाला. आणि सगळ्यात आधी इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग करून घ्या. शेजारी लूमची खडखड असेल तर खिडकीला गोधड्या लावा, ते काम कुठलाच कॉम्प्युटर करणार नाही.

"गाताना कानात आवाज उशिरा येतो, मशीन बदलायला लागेल" हेही पोरांना सांगतात. बहुतेक वेळा ते खोटं असतं. बफर १०२४ सॅम्पलवर असेल तर तिथेच २१ मिलिसेकंद जातात. १२८ वर आणा, तीनच्या आत येतं. इंटरफेसचा स्वतःचा ड्रायव्हर टाका. या सेटिंगला एक रुपया लागत नाही, म्हणून दुकानात कोणी सांगत नाही.

दुसरी फसवणूक जुन्या डब्यांची. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे ऑफिसांनी टाकून दिलेले डबे "आय-सेव्हन आहे, घेऊन टाक" म्हणून खपवतात. आय-सेव्हन तिसऱ्या पिढीचाही असतो, २०१२ सालचा! पिढी विचारा. जुना घेऊच नका असं नाही. आठव्या पिढीचा ऑफिसचा डबा, त्यात एसएसडी टाकली आणि रॅम वाढवली की घरच्या कामाला आरामात पुरतो. मात्र ६४ जीबीच्या नादाला लागू नका. एआयच्या डेटा सेंटरांनी चिपा ओढून घेतल्यामुळे २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत. आणि "सगळी सॉफ्टवेअर फुकट टाकून देतो" म्हणणाऱ्याकडून ते चोरीचं सॉफ्टवेअर घेऊ नका, व्हायरस सोबत येतो. रीपर ६० दिवस वापरून बघता येतं, छोट्या लायसन्सला ६० डॉलर. ऑडॅसिटी तर फुकटच आहे.

आता आपल्याबद्दल. हळदीच्या एका रात्रीच्या डीजेला आपण काय मोजतो ते सगळ्यांना माहीत आहे. रात्री १० नंतर स्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे, तोही सगळ्यांना माहीत आहे. त्या भिंतीवर वाजणारं गाणं कुठल्यातरी पोराने घरच्या खोलीत बनवलेलं असतं, त्याला विचारतं कोण? महदंबेचे धवळे तेराव्या शतकातले, कोणीतरी लिहून ठेवले म्हणून आज वाचता येतात. आपल्या आज्यांचे धवले अजून तोंडातच आहेत.

आपल्या शेतांवर गोदामं उभी राहिली. देशभर जाणारे कॉम्प्युटरचे खोके आपलीच पोरं पाठीवर वाहतात. त्या गोदामांची घरपट्टी येते ना? मग एक शांत खोली, त्यात एक नीट निवडलेला कॉम्प्युटर, दोन माइक आणि पक्कं अर्थिंग, एवढं ग्रामपंचायतीला जड आहे का? एका हळदीच्या डीजेएवढाही खर्च नाही हो, फार तर दोन हळदींचा.

१ मेच्या ग्रामसभेत अर्ज देतोय. कोटेशनमध्ये ग्राफिक कार्ड दिसलं तर तिथेच उभा राहून विचारणार आहे. सही करणाऱ्यांनी रविवारी संध्याकाळी घरी या. ज्यांच्या घरी धवले म्हणणारी आजी आहे, त्यांनी आधी या.