विश्लेषण : वकिलाच्या चुकीची किंमत कोण मोजणार? छोट्या कार्यालयांची तंत्रज्ञानाने सोय झाली की धोका वाढला?

तालुका किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातील बहुतांश वकिली दोन-तीन वकील, एखादा ज्युनिअर आणि एक कारकून यांच्या बळावर चालते. या कार्यालयांत आता ई-फायलिंग, व्हॉट्सॲपवरील कागदपत्रे आणि ‘एआय’ने तयार केलेले मसुदे आले आहेत. कामाचा वेग वाढला, पण एखादी तारीख चुकली किंवा खोटा निवाडा दाखल झाला तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्नही उभा राहिला आहे.

न्यूयॉर्कमधील प्रकरण काय होते?

‘माता विरुद्ध एव्हियांका’ या खटल्यात एका विमानप्रवाशाने गुडघ्याला दुखापत झाल्याबद्दल भरपाई मागितली होती. त्याच्या वकिलांनी दाखल केलेल्या लेखी युक्तिवादात अनेक निवाडे होते, पण ते कोणालाच सापडेनात. चॅटजीपीटीने ते रचले होते. कार्यालयाकडे असलेल्या संशोधन सेवेत फेडरल न्यायालयांचे पुरेसे निवाडे नव्हते, म्हणून एका वकिलाने चॅटजीपीटीची मदत घेतली. त्याला फेडरल न्यायालयात काम चालवण्याची परवानगी नसल्याने सही दुसऱ्या वकिलाने केली, तीही न तपासता. न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी २२ जून २०२३ रोजी ५ हजार डॉलरचा दंड ठोठावला. तंत्रज्ञान वापरणे मुळात गैर नाही, पण दाखल केलेल्या मजकुराच्या अचूकतेची जबाबदारी वकिलाचीच, असे त्यांनी स्पष्ट केले. प्रवाशाचा दावाही त्याच दिवशी फेटाळला गेला. त्याचे कारण ‘एआय’ नव्हे, तर मुदत होती. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या माँट्रियल करारानुसार असा दावा दोन वर्षांत करावा लागतो.

‘एआय’ नसतानाही धोका सर्वाधिक कुठे?

मुदतीतच. धनादेश न वटल्याचे उदाहरण घ्या. बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर पैसे देण्यासाठी १५ दिवस आणि त्यानंतर तक्रारीसाठी एक महिना असतो. तक्रारीला झालेला उशीर सबळ कारण असेल तर न्यायालय माफ करू शकते, नोटिशीचा उशीर माफ करण्याची तरतूद मात्र कायद्यात नाही. व्यावसायिक दाव्यात समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत लेखी कैफियत आली नाही, तर ती दाखल करण्याचा हक्कच जातो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा बंधनकारक ठरवली. अशा ठिकाणी ‘कारकून रजेवर होता’ हे उत्तर पक्षकाराच्या कामाचे नसते.

पक्षकाराला ग्राहक आयोगात जाता येते का?

नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ मध्ये वकिलांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी ‘बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी’ या प्रकरणात ते मत रद्द केले. वकील पक्षकाराच्या सूचनांनी बांधलेला असतो, त्यामुळे हा ‘वैयक्तिक सेवेचा करार’ ठरतो, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. मात्र वकिलाला यातून अभय मिळालेले नाही. १९२६ च्या विधि व्यवसायी शुल्क कायद्यानुसार, निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीसाठी वकिलावर दिवाणी दावा करता येतो. गैरवर्तन असेल तर १९६१ च्या वकील कायद्याच्या कलम ३५ खाली बार कौन्सिल ताकीद, सनदेचे निलंबन किंवा नाव वगळणे अशी कारवाई करू शकते. निव्वळ चूक म्हणजे गुन्हा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये के. नारायण राव प्रकरणात सांगितले. मालमत्तेच्या मालकी हक्काबाबत बँकेला दिलेल्या अभिप्रायावरून तिथे वकिलाला आरोपी केले होते.

महाराष्ट्रात अशी खोटी संदर्भयादी आली आहे का?

आली आहे, तीही सरकारी कार्यालयाकडून. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर विभागाचा एक कर निर्धारण आदेश रद्द केला. त्यात अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांचा आधार घेतला होता. संगणकाने दिलेले निकाल डोळे झाकून वापरू नयेत, ते आधी पडताळावेत, असे न्यायालयाने बजावले. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायव्यवस्थेसाठी ‘एआय’ वापराचे धोरणच जाहीर केले.

गोपनीयतेचे काय?

भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ नुसार, पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीविना उघड करता येत नाही. हे बंधन कारकून व कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. घटस्फोटाच्या अर्जाचा पूर्ण मसुदा मोफत ‘एआय’ सेवेत टाकला, तर तो बाहेरच्या कंपनीच्या संगणकावर पोहोचतो. कागदपत्रे ज्युनिअरच्या खासगी मोबाइलमध्ये असतील, तर तो नोकरी सोडताना ती सोबतच जातात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने कायदेशीर हक्क बजावण्यासाठी केलेल्या विदावापराला बऱ्याच अटींतून सूट दिली आहे. पण विदा सुरक्षित ठेवण्याच्या कर्तव्यातून सूट नाही. त्यातील कसुरीसाठी दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

विमा हा उपाय आहे का?

काही प्रमाणात. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर कार्यालयांना आणि अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात खासगी वकिली करणाऱ्यांना व्यावसायिक दायित्व विमा सक्तीचा आहे. भारतात सक्ती नाही, मात्र विमा कंपन्या अशा पॉलिसी विकतात. त्या साधारणपणे ‘दावा आला तेव्हा पॉलिसी चालू हवी’ या तत्त्वावर असतात. चूक झाली त्या वर्षी विमा होता, पण नंतर हप्ता थकला, तर संरक्षण मिळत नाही. शिवाय विमा पैसे देतो, गेलेली मुदत परत आणत नाही.

छोट्या कार्यालयाला काय परवडेल?

महागडे सॉफ्टवेअर लागत नाही, शिस्त लागते. प्रत्येक प्रकरणाची शेवटची तारीख कारकुनाच्या डायरीत आणि सामायिक डिजिटल कॅलेंडरमध्ये अशी दोन्हीकडे नोंदवावी, आणि ती मोजणारा व तपासणारा माणूस वेगळा असावा. प्रकरणाचा १६ अंकी सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्स ॲपमध्ये जतन केला, तर पुढची तारीख घरबसल्या पडताळता येते. ‘एआय’ने सुचवलेला निवाडा न्यायालयाच्या संकेतस्थळावर उघडून, त्यातील संबंधित परिच्छेद वाचल्याशिवाय त्यावर सही करू नये. पक्षकाराची नावे व तपशील काढून टाकल्याशिवाय मसुदा अशा सेवेत टाकू नये. कागदपत्रांची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी आणि ती खरोखर उघडते का, हे अधूनमधून पाहावे. काम घेताना नेमके काय करणार आणि काय नाही, हे लेखी द्यावे. काम नाकारले तर तेही मुदतीच्या तारखेसह लेखी कळवावे.

पक्षकाराने काय करावे?

सर्व काही वकिलावर सोपवून निर्धास्त राहू नये. आपला सीएनआर क्रमांक मागून घ्यावा, दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत ठेवावी आणि फीची पावती घ्यावी. वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध पक्षकाराला होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल प्रकरणात म्हटले खरे, पण प्रत्येक चूक न्यायालय पोटात घालतेच असे नाही. धनादेशाच्या ३० दिवसांसारख्या ठिकाणी तर न्यायालयाच्या हातातही काही उरत नाही. त्यामुळे बार कौन्सिल आणि स्थानिक वकील संघांनी नव्या सनदधारकांना कायद्याइतकेच मुदतीचे गणित आणि निवाड्यांची पडताळणी शिकवण्याची गरज आहे. एका चुकलेल्या तारखेत कुणाची जमीन, कुणाची पोटगी, तर कुणाची आयुष्यभराची बचत जाऊ शकते.