कमी किती होतो, ते विचारा

कवडसा / साप्ताहिक सदर

दिवाळी जवळ आली, की घरबसल्या साड्या, फराळ, दागिने विकणाऱ्यांचा एक प्रश्न हमखास येतो. कॅमेरा घेतला, आता कॅमेऱ्यावर बसणारा फ्लॅश घ्यावा की स्टुडिओचा स्ट्रोब? दुकानदार वॅट-सेकंदांत उत्तर देतो. फ्लॅश साधारण ७५चा, स्ट्रोब ३००चा. चौपट ताकद, मग मोठाच घ्या की! हिशेब चुकीचा नाही, पण तो मंगल कार्यालयाचा आहे. १० बाय १२च्या खोलीत तो उलटा बसतो.

चौपट म्हणजे फक्त दोन स्टॉप, दोनदा दुप्पट. आयएसओ १००वरून ४००वर नेला, की तेवढाच फरक भरून निघतो आणि आजच्या कॅमेऱ्यांत ४००ला दाणे शोधावे लागतात. वरची ताकद अशी फुकटात मिळते. अडचण खालच्या टोकाला येते. स्वस्तातले बरेच स्ट्रोब पूर्ण ताकदीच्या १/३२च्या खाली उतरत नाहीत. ३००चा दिवा तिथे सुमारे ९ वॅट-सेकंदांवर थांबतो. फ्लॅश १/१२८पर्यंत जातो, म्हणजे अर्ध्याच्या जरा वर. हा फरक चार स्टॉपचा. ज्या जागी स्ट्रोब तुम्हाला एफ/८वर अडवतो, तिथे फ्लॅश एफ/२ वापरू देतो. बाळाचा फोटो एफ/८ने काढून बघा: मागचा फ्रीज, त्यावरची औषधं आणि दोरीवरचे लंगोट सगळे फोटोत हजर. दिवा लांब न्यावा, तर मागे भिंत.

‘पण स्टुडिओ लाइटचा उजेड मऊ असतो ना?’ मऊपणा दिव्यात नसतो. उजेडाचा स्रोत वस्तूच्या मानाने किती मोठा आणि किती जवळ, यावर तो ठरतो. पैठणीचा पदर घ्या. जर आरशासारखी वागते. उघडा फ्लॅश मारला, तर मोराच्या पिसाऱ्यात पांढरे ठिपके फुटतात आणि बाकीची जर काळवंडते. तोच फ्लॅश स्टँडवर लावा, पुढे फोटोग्राफीची छत्री बसवा, झूम २४वर आणा, म्हणजे छत्री काठापर्यंत भरेल आणि ती छत्री पदराजवळ बाजूने धरा. चमक पसरते, विणीतला ताणाबाणा दिसू लागतो. छत्रीमागे फ्लॅश आहे की स्ट्रोब, हे पदराला कळत नाही.

घराच्या भिंती मात्र फोटोत उतरतात. पिस्ता रंगाच्या भिंतीवरून परतलेला उजेड चकल्यांनाही पिस्ता करतो. छत्री उजेड चौफेर उधळते, त्यामुळे त्या बाजूला काळी चादर टांगा. छत पांढरं असेल, तर फ्लॅशचं तोंड वर करा. सगळं छतच दिवा होतं.

स्ट्रोबची बाजूही खरी आहे. त्यातला मॉडेलिंग लॅम्प सावली कुठे पडणार ते आधीच दाखवतो. नवशिक्याला याहून चांगला गुरू नाही. भिंतीतल्या प्लगवर चालतो, त्यामुळे चार पेन्सिल सेल चार्ज करत बसावे लागत नाहीत, आणि फुल पॉवरलाही लगेच पुन्हा तयार होतो. रोज ढीगभर साड्या मॉडेलवर नेसवून उभ्याने टिपायच्या असतील, खोली त्यासाठीच राखलेली असेल, तर स्ट्रोबच घ्या. फक्त दुकानात ‘पॉवर किती?’ विचारू नका. ‘कमीत कमी किती?’ विचारा.

बाकी घरांसाठी माझं मत स्पष्ट आहे: एक मॅन्युअल फ्लॅश, रेडिओ ट्रिगर, स्टँड आणि मोठी छत्री. काम झालं की सगळं कपाटावर जातं, आणि लग्नकार्यात बाहेरही नेता येतं. फोटो मोबाइलनेच काढत असाल, तर दोन्ही विसरा. बहुतेक मोबाइल या दिव्यांशी जुळत नाहीत. सतत जळणारा एलईडी घ्या.

– कवडसेकर